शेवटची दहा मिनिटं

सोमवार

आक्का, तुझा खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेतेस, की बाटलीला नमस्कार करून परत फळीवर ठेवतेस? शेजारच्या वकिलीणबाई, तुमची चक्कर थांबली का? तळमजल्यावरचे पेन्शनरकाका, नवी कवळी नीट बसली का, की अजून तुमच्याआधी तीच बोलते? आणि जिन्याखालचे बोकोबा, कानाची जखम भरून आली का? वकिलीणबाई दूध घालतात ना वेळच्या वेळी?

हं. झालं सगळ्यांचं विचारून. ही वही कुणाला जायची नाही आणि उत्तर कुणी द्यायचं नाही, हे मला कळतं. पण शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. वाचायला शिकले ती थिएटरच्या पाट्यांवरून, लिहायला शिकले ती आक्काला पत्रं लिहून. त्यामुळे हातात पेन आलं की आधी सगळ्यांची प्रकृती विचारल्याशिवाय पुढचं वाक्यच सुटत नाही. वही सूनबाईने दिली. म्हणाली, "आई, तिथलं रोजचं लिहून ठेवा. कुणाला दाखवायचं नाही, तुमचं तुमच्यापुरतं."

आता इथल्यांची प्रकृती. चिरंजीवांना बोट लागली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर वर-खाली करतो, पण बोटीने जरा वर-खाली केलं तर कठड्याला धरून पांढराफटक. सूनबाईचे डोळे लाल आहेत. दुसऱ्यांचे डोळे तपासणारी ही, आणि स्वतःच्या डोळ्यांची ही कथा. "जागरण झालं का गं?" विचारलं तर म्हणाली, "वारा लागला, आई." माझे गुडघे उत्तम. बेटावर उतरताना मी कुणाचा हात धरला नाही.

तर मी बेटावर आले! हे वाक्य मी दोनदा लिहिणार होते. मी बेटावर आले. लिहिलं.

बोटीत मी डोळे मिटून बसले होते, झोपले नव्हते. हे दोघं पलीकडे कुजबुजत होते. "तू सांग." "नको, तू सांग, तुझी आई आहे." "निदान तिला तो धक्का तरी बघू दे आधी. इतकी वर्षं बोलतेय." मी मनात म्हटलं, लबाडांनो! काहीतरी मोठं ठरवलंय यांनी माझ्यासाठी. मी काही ओळखलंय असं अजिबात दाखवणार नाही.

मंगळवार

हे बेट दोन गोष्टींसाठी नावाजलेलं. एक, इथे येऊन लोक स्वतःला दमवून घेतात. होड्या वल्हवतात, डोंगर चढतात, तोंडात नळी धरून पाण्याखाली मासे बघतात, आणि वर त्याला विश्रांती म्हणतात. दुसरं, जुने काळे-पांढरे सिनेमे. त्या काळात इथे येऊन शूटिंग केलेल्या सिनेमांची गणतीच नाही. जिकडेतिकडे पाट्या आहेत: या दगडावर नायिका बसली, या वळणावर खलनायक घसरला. खाणावळीत प्रत्येक टेबलावर एक फोटो. आमच्या टेबलावर घोडा आला.

पण माझा सिनेमा एकच. दीपगृहाचा राखणदार आणि बेटाचा नकाशा काढायला आलेली बाई. मी थिएटरात बायकांच्या दारावर डोअरकीपर होते. तिकीट फाडायचं, बॅटरी पायाशी धरून जागा दाखवायची, तान्ही मुलं रडली की बाहेर घेऊन यायची. त्या नोकरीत हा सिनेमा वर्षाआड परत लागायचा आणि दर वेळी हाऊसफुल्ल. संवाद मला तोंडपाठ. आणि अंधारात काम करून दुसरी एक विद्या आली, ती म्हणजे मागून नुसत्या माना बघून ओळखायची की कोणतं जोडपं भांडून आलंय आणि कोणतं लग्न ठरवून. मॅनेजरसाहेब पैजा लावायचे माझ्याशी.

सकाळी धक्का बघितला. तोच! सिनेमातला. तीच घंटा टोकाला लटकलेली, अजून बोट सुटताना वाजवतात. मी तिथे उभी असताना वाजली आणि माझे पाय आपोआप वळले. सूनबाई म्हणाली, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "कुठे म्हणजे, दार उघडायला!" सिनेमात ही घंटा वाजली की शेवटची दहा मिनिटं राहिली, असा आमचा हिशेब. दारावरचा पडदा सारायचा, अडसर काढायचे, दोन्ही दारं धरून बाहेर उभं राहायचं. नाहीतर एवढ्या बायका पोरांसकट एकदम सुटतात आणि उंबऱ्यावर चेंगराचेंगरी होते. एकदा एका म्हातारीचा हात दारात सापडताना मी पाहिला होता, तेव्हापासून घंटेआधी एक पाऊल उठेन, पण घंटेनंतर क्षणभरही बसायची नाही.

धक्क्याच्या बाजूला होड्या भाड्याने देणारी बाई आहे. माझ्याच वयाची, आडवी-उभी सारखीच, आणि तोंड असं की समुद्राने ऐकून मागे सरावं. मी तिला म्हटलं, "इथूनच दोघं बसून गेली ना हो शेवटी?"

"कोण दोघं?"

"राखणदार आणि नकाशेवाली."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दोघं कशाला जातील? ती एकटी गेली. तो इथेच राहिला."

"काहीतरीच!"

"बाई, मी त्या गर्दीत उभी होते. एवढीशी होते. माझी परकराची नाडी सुटली होती, ती धरून उभी होते, म्हणून पडद्यावर मी अशी वाकडी दिसते."

"तुम्ही नाडीकडे बघत असाल तेव्हा," मी म्हटलं. "मी तो सिनेमा कितीदा बघितलाय त्याची मोजदाद नाही."

"आणि तरी शेवट माहीत नाही? पैज!"

शनिवारी दुपारी इथल्या थिएटरात तोच सिनेमा आहे. मी जिंकले तर आमचं आठवडाभराचं होडीचं भाडं माफ. ती जिंकली तर मी तिच्याबरोबर होडीत बसून समोरच्या कातळापर्यंत वल्हवत जायचं. फुकट होडी मिळाल्यातच जमा आहे. सूनबाई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, शनिवारी सिनेमालाच जायला हवं का? डोंगरावर जाऊ या ना." मी म्हटलं, "अगं वेडे, त्यासाठीच तर आले."

सगळे शेवट मी दाराबाहेरून ऐकलेत, ते खरं. पण वल्ह्यांचा आवाज येतो, मागून ते वाजतगाजत संगीत येतं, आणि बायका डोळे पुसत पुसत हसत बाहेर येतात. शेवट आनंदाचा नसेल तर बायका अशा हसतील होय?

बुधवार

आज पोट दुखेपर्यंत हसले. दोघांनी मिळून एकच होडी घेतली. चिरंजीव पुढे, सूनबाई मागे. तो उजवीकडे मारतो, ही डावीकडे मारते, होडी जागच्या जागी गिरकी घेते. तो म्हणतो, "सॉरी, माझं चुकलं." ही म्हणते, "नाही नाही, माझंच." पुन्हा गिरकी. किनाऱ्यावरचे लोक जेवण सोडून बघायला लागले.

होडीवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. मला म्हणाली, "एवढी सभ्य जोडी पहिल्यांदा बघितली. बाकीचे इथे आईबाप काढतात एकमेकांचे."

"आहेतच तशी," मी म्हटलं.

"भांडत नाहीत?"

"कधीच नाही. प्लीज काय, थँक यू काय! आम्ही नवरा-बायको भांडायचो तर वरच्या मजल्यावरून काठी आपटायचे."

ती समुद्राकडे तोंड करून पान थुंकली.

एक लिहायचं राहिलं. पहाटे पाणी प्यायला उठले तर चिरंजीव व्हरांड्यातल्या लांब खुर्चीत झोपलेले. अंगावर बायकोची शालसुद्धा नाही, टॉवेल. "काय रे?" तर म्हणाला, "आत उकडतं." पंखा आहे की आत. पण लहानपणापासून त्याला वाऱ्याची आवड.

गुरुवार

आज दोघांनी वेगवेगळ्या होड्या घेतल्या. काय सुरेख चालवल्या! तो खाडीच्या तोंडाकडे सरळ रेषेत, ती दगडांच्या मधून वळणं घेत. होडीवाली म्हणाली, "दोघांचे हात चांगले आहेत हो. फक्त एका होडीत नकोत."

मीही पाण्यात गेले. नारिंगी जाकीट घातलं आणि पाठीवर पडले. समुद्राने मला उचललं. माझं एवढं वजन आजवर कुणी तक्रार न करता उचललेलं नाही.

शुक्रवार

माझा अंदाज खरा निघतोय.

सकाळी सूनबाई मला दीपगृहाच्या टेकडीवर घेऊन गेली. चिरंजीव आले नाहीत. आळीपाळीने माझ्याबरोबर राहतात बिचारे, एकाला तरी विश्रांती मिळावी म्हणून. वर पोहोचल्यावर तिने पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "आई, तुम्हाला दुसरा मजला चढवेल का रोज?"

"आता टेकडी चढले की."

"आणि नवीन गावात करमेल? समजा, एखादी खोली तुमच्यासाठीच असली, खिडकीतून झाड दिसतंय..."

तिचा आवाज बसला होता. चढून चढून दम लागला असेल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर ती एकदम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. बारा वर्षं ही मुलगी माझ्या स्वयंपाकघरात आहे. भाजी चिरताना माझ्यासारखीच जीभ बाहेर काढते. पोटची मुलगी नाही याची खंत मला होती खरी, ती कधी गेली ते कळलंसुद्धा नाही.

संध्याकाळी चिरंजीव मला धक्क्यावर घेऊन गेले. फोनवर एक घर दाखवलं. "आई, हे कसं वाटतं? तळमजला आहे. तुझी खोली ही."

म्हणजे दोन घरं! एक तळमजल्यावर, एक दुसऱ्या मजल्यावर. एक राहायला आणि एक भाड्याने द्यायला असणार. मी काही कळलं नाही असं दाखवून म्हटलं, "छान आहे, पण मोठं दिसत नाही." तो म्हणाला, "दोघांना पुरेल." मी म्हटलं, "दोघांना पुरेल, पण आपण तिघं." तो पाण्याकडे बघत राहिला. एवढ्यात खेकडा निघाला आणि विषय राहिला.

मुलं आईला खूश करायला निघाली की किती गोंधळतात! उद्या सिनेमा झाल्यावर मीच विषय काढीन. पैज जिंकलेली असेन, सगळे खुशीत असतील.

शनिवार

आज लिहायला हात उचलत नाही. पण लिहायचं ठरवलंय तर लिहायचं.

थिएटर लहानसं, लाकडी खुर्च्या, भिंतीवर जुनी पोस्टरं. दारावरचा माणूस बॅटरी लोकांच्या तोंडावर मारत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, पायाशी धरा, माणसं आंधळी होतात." तो म्हणाला, "आजी, तुम्हीच धरा की." मी खरंच धरली आणि दोन रांगा बसवून दिल्या. होडीवाली नवं लुगडं नेसून आली होती, धक्क्यावरचं माझं बोलणं लक्षात ठेवून मागच्या रांगेतून ओरडली, "आज दार उघडायला जायचं नाही हं!" सगळे हसले. मीही.

आम्ही बसलो. उजवीकडे चिरंजीव, डावीकडे सूनबाई, मी मध्ये. जागा त्यांनीच तशा घेतल्या होत्या.

सिनेमा सुरू झाला आणि मी तरुण झाले. संवाद पडद्यावर यायच्या आधी माझ्या ओठांवर. तो तिला म्हणतो, "तुमच्या नकाशात माझं घर दाखवाल?" आणि ती म्हणते, "ठिपका दाखवीन." तेव्हा पुढच्या बायका अजून तशाच उसासतात. वादळ आलं, दिवा विझला, त्याने तो परत लावला. तिचा नकाशा पुरा झाला. आणि मग घंटा.

मी उठले. खोटं कशाला लिहू, मला कळलंसुद्धा नाही. गुडघे आपोआप सरळ झाले. तेवढ्यात डाव्या मनगटाला सूनबाईने धरलं. "आई. बसा ना." आणि त्याच क्षणी उजव्या दंडाला चिरंजीवांचा हात. दोन्हीकडून धरून मला खाली बसवलं.

मग मी ती दहा मिनिटं बघितली. आयुष्यात पहिल्यांदा.

ती एकटीच होडीत बसते. नकाशाची गुंडाळी मांडीवर. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरतो आणि होडीची मागची बाजू दोन्ही हातांनी धरून उभा राहतो. लाट येते, तो थांबतो. दुसरी येते, थांबतो. मग दोन लाटांच्या मधली सपाट जागा बघून होडी पुढे लोटतो. जोराने नाही, बाळाचा पाळणा लोटतात तशी. भांडण नाही, दोष नाही, कुणी वाईट नाही. ती टोपी उंच करते. तो वर जातो, दिवा लावतो, आणि तो उजेड फिरत फिरत दर फेरीला तिच्या होडीवर येतो. होडी लहान लहान होत जाते. संपलं.

बायका डोळे पुसत हसत होत्या. माझ्या दारातून बाहेर पडायच्या तशाच.

पैज हरले म्हणून होडीवालीकडे वळणार होते. वळताना सवयीने माना बघितल्या. सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं. माझी दोघं पडद्याकडे बघत नव्हती. दोघं दोन बाजूंनी माझ्याकडे बघत होती.

अंधारात दुसऱ्यांच्या माना वाचून पैजा मारणारी मी! पायऱ्या उतरून उन्हात आलो तेव्हा मी विचारलं, "वेगळे होताय का रे?"

चिरंजीव म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

सूनबाईने माझी पिशवी घेतली आणि पुढे चालू लागली, रडताना कुणी बघू नये म्हणून.

खोलीत येऊन मी कडी लावली. दोघं आळीपाळीने दार वाजवून गेले. मी मागची पानं वाचली. व्हरांडा, दोन घरं, दोन होड्या. कपाळावर हात मारून घेतला. राग कुणाचा आला ते ठरवता येत नाही. त्यांचा आला, माझा आला, त्या घंटेचाही आला. मध्येच वाटलं, सूनबाईला जाऊ द्यायचंच नाही. तिची चप्पल लपवावी. एवढी मोठी बाई, आणि असला विचार आला. आला तो लिहिला.

रविवार

उठले तेव्हा डोकं शांत होतं. तोंड धुतलं, चांगलं पातळ नेसले, चहा मागवला तीन कप, आणि दोघांना व्हरांड्यात बोलावलं.

"बसा. आता प्लीज आणि थँक यू नको. काय झालं ते सांगा. कुणी कुणाला मारलं, फसवलं, दुसरं कुणी आहे?"

"नाही गं आई!" चिरंजीव.

"तसं काही नाही, आई," सूनबाई म्हणाली. "भांडण असतं तर तुम्ही मिटवलंही असतं. आम्ही एकमेकांना त्रास द्यायचंसुद्धा सोडून दिलंय. दोन भाडेकरू राहतात ना, तसं झालंय. कितीतरी दिवस. प्रयत्न केले. खूप केले."

मी चिरंजीवांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "ती बरोबर सांगतेय. मलाही घरात शिरताना जिना लांब असावा असं वाटतं."

लिफ्टवाल्याने जिना लांब मागितला म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं म्हणायचं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाही? मला काय दूध पाजून झोपवायचं होतं?"

तेव्हा खरी गोष्ट निघाली. अडलं होतं ते माझ्यावरून.

चिरंजीव म्हणाले, "आई माझ्याकडे राहील. तळमजला बघितलाय."

सूनबाई म्हणाली, "आईंना तुझ्याकडे दिवसभर एकटं बसावं लागेल. तू शिफ्टवर. माझ्या नव्या दवाखान्यात मला दुपारी सुट्टी आहे."

"दुसरा मजला आहे तुझा!"

"त्या टेकडी चढल्या परवा! तुला माहीत तरी आहे का?"

"माझी आई आहे ती!"

"आणि माझी कोण आहे?"

आठवड्यात पहिल्यांदा दोघांचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतल्या बाईने दार उघडून बघितलं. आणि मला, देवाशप्पथ, आतून बरं वाटलं. संसारात उरलं नव्हतं ते भांडण माझ्यासाठी तरी जपून ठेवलं होतं पोरांनी.

मी कप खाली ठेवला. "झालं? आता माझं ऐका. मी कुणाकडे राहणार नाही. आपलं घर माझ्या नावावर आहे, तिथे वकिलीणबाई आहेत, पेन्शनरकाकांची कवळी आहे, बोका आहे. मी तिथेच राहणार. जायचं आहे ते तुम्ही दोघांनी. पण सुट्टीला एकाने यायचं आणि दुसऱ्याने तोंड चुकवायचं, असलं चालणार नाही. माझ्या घरी येताना दोघांनी माझी माणसं म्हणून यायचं, जोडीने असो नाहीतर सुटं."

"अगं पण आई, तू एकटी..."

"एवढी वर्षं हजारो माणसं दारातून सुखरूप बाहेर काढली मी. एकाचा पाय कुणाच्या पायाखाली येऊ दिला नाही. तुम्ही तर दोघंच आहात. वेळेवर दार उघडलं नाही तर माणसं उंबऱ्यावर चिरडतात, आणि तुम्ही इतके दिवस उंबऱ्यावर उभे आहात. निघा."

चिरंजीव रडले. लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायचे तसे, नाक वाहत. सूनबाईने त्यांना रुमाल दिला आणि ते थँक यू म्हणाले नाहीत. तेवढी प्रगती.

मग ती माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. "आता मी तुम्हाला काय म्हणू?"

"मग काय, काकू म्हणणार? आई म्हण. जीभ वळलेली आहे, कशाला नवं शिकायचं."

दुपारी पैज फेडली. होडीवालीने मला पुढे बसवलं, ती मागे. मी म्हटलं, "सांभाळा हं, मी गिरकी घालीन." ती म्हणाली, "घाला. मी शिव्या घालीन." कातळापर्यंत तिने मला तोंडभर शिव्या दिल्या आणि मी तिला दिल्या, आणि होडी सरळ गेली. कातळाला हात लावून आलो. वल्हवून हात भरून आलेत, म्हणून अक्षर असं.

परतताना तिने विचारलं, "पोरांचं कळलं?"

"तुम्हाला कधी कळलं होतं?"

"बुधवारी," ती म्हणाली. "पण सिनेमाचा शेवट आधी सांगितला तर तुम्ही ऐकून घेता का कुणाचं?"

सोमवार

सूनबाईची बोट आधी होती, आमची नंतर. तिला परस्पर नव्या गावाला जायचं आहे, परवा दवाखान्यात हजर व्हायचंय. सामान म्हणजे एक पेटी आणि डोळे तपासायच्या भिंगांचा डबा.

ओहोटी होती. बोट धक्क्यापासून सुटी हलत होती, फळी नीट बसेना. चिरंजीव खालच्या पायरीवर उतरले. बूट, पॅंट, सगळं गुडघ्यापर्यंत पाण्यात. बोटीची कड दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. एक लाट जाऊ दिली. मग म्हणाले, "आता ये." ती चढली. पाय घसरला नाही.

घंटा वाजली. माझे गुडघे सरळ झाले नाहीत. मी तिथेच बसून राहिले आणि बोट ठिपक्याएवढी होईपर्यंत बघितली. तिने टोपी नव्हती म्हणून ओढणी हलवली.

चिरंजीव ओल्या पॅंटीने माझ्याजवळ येऊन बसले. बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मग म्हणाले, "आई, भूक लागली."

"मला पण," मी म्हटलं. होडीवालीने मासे आणि भात आणून दिला, आणि पैसे विचारल्यावर मला आणखी एक शिवी दिली.

आता आमच्या बोटीत बसून लिहितेय. चिरंजीव कठडा धरून आहेत, पण आज रंग बरा आहे. वहीचं हे शेवटचं पान मी फाडून पाकिटात घालणार आहे, तेवढं मात्र कुणाला तरी जायचं आहे.

बाळ, तुझी प्रकृती कशी आहे? डोळ्यांची लाली गेली का? दुसऱ्या मजल्यावर पाणी चढतं का? खिडकीतलं झाड कशाचं आहे? दुपारी जेवतेस ना, की चहावर भागवतेस? भाजी चिरताना जीभ आत ठेव, तिथे चिडवायला मी नाही. इकडची काळजी करू नकोस. फोन कर, पण पत्रही लिही, फोनवर तू सगळं बरंच आहे म्हणतेस. वाईटही लिही, लांबलचक लिही. उत्तर लवकर पाठव. आता मध्येच उठायची सवय सुटली आहे, शेवटपर्यंत बसून वाचीन.